लाउक्काईचा कौल

मराठ्यांच्या किल्ल्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते, ती ही की सुलतानढवा करून आणि तटाला शिड्या लावून घेतलेल्या किल्ल्यांच्या जोडीने कौल घेऊन खाली झालेले किल्लेही पानोपानी भेटतात. शिबंदीचा पगार थकलेला असतो, दारूगोळा सरत आलेला असतो, कुमक येण्याची आशा मावळलेली असते आणि बायकामुले किल्ल्यातच असतात. अशा वेळी किल्लेदार जिवाची आणि अब्रूची हमी मागतो, वेढा घालणारा ती देतो आणि दरवाजा आतून उघडला जातो. म्यानमारच्या ईशान्य टोकाला, चीनच्या हद्दीला खेटून असलेल्या लाउक्काई या खोऱ्यातल्या शहरात जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हेच घडले. शहराला वेढा घातलेल्या कोकांग सेना या स्थानिक बंडखोर फौजेने दिलेल्या आकड्यानुसार २,३८९ सैनिकांनी तिथे हत्यारे खाली ठेवली, त्यांत सहा ब्रिगेडियर जनरल होते, आणि सैनिकांच्या कुटुंबांनाही त्यांच्याबरोबर सुरक्षित बाहेर पडू देण्यात आले. शहराचा ताबा सोडताना कुटुंबांच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागला, असे लष्करी राजवटीच्या प्रवक्त्यानेही मान्य केले.

आपल्याकडे या घटनेची चर्चा फारशी झाली नाही. ज्यांनी केली त्यांनी बहुधा ती ‘चीनचा डाव’ या एका शब्दप्रयोगात उरकली. माझ्या मते ती भारताच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील महत्त्वाच्या घटनांपैकी एक आहे, आणि तिच्यातून एक सरळ सार्वजनिक प्रश्न उभा राहतो: शेजारी देशाचे सैन्य ज्या मुलखातून कौल घेऊन बाहेर पडले किंवा पळून आले, त्या मुलखाबाबत भारताने अजूनही मुख्यतः त्या सैन्याशीच बोलत राहावे काय? तसे राहू नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण लाउक्काई ज्या रीतीने पडली त्या रीतीत आहे.

कोकांग हा साल्वीन नदीच्या पूर्वेचा डोंगराळ पट्टा आहे. तिथले बहुसंख्य लोक चिनी वंशाचे आणि चिनी बोलणारे आहेत. व्यवहारात युआन चालतो, आणि वीज व मोबाइलचे जाळेही हद्दीपलीकडून येते. या भागावर आधी स्थानिक घराण्याची सत्ता होती, पुढे तो बर्मी कम्युनिस्ट पक्षाच्या हाती गेला, आणि १९८९ मध्ये पेंग जियाशेंग या स्थानिक सेनानीने त्या पक्षाविरुद्ध बंड करून लष्कराशी युद्धबंदी केली. त्याच्या मोबदल्यात त्याला जवळजवळ स्वतंत्र कारभार मिळाला. ही व्यवस्था वीस वर्षे टिकली. ऑगस्ट २००९ मध्ये लष्कराने ती मोडली, पेंगला हुसकावले, त्याच्याच सहकाऱ्यांपैकी बाई सुओचेंग याला हाताशी धरून त्याला कारभारी नेमले, आणि तीस हजारांच्या आसपास माणसे जीव मुठीत धरून चीनमध्ये पळाली. त्या मोहिमेची सूत्रे मिन आंग ह्लाइंग या लष्करी अधिकाऱ्याकडे होती. दोन वर्षांत तो सरसेनापती झाला आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याने निवडून आलेले सरकार उलथवून देश ताब्यात घेतला. म्हणजे लाउक्काईची शिबंदी हे त्याचे स्वतःचे, त्याच्या बढतीच्या काळातले, मानाचे ठाणे होते. २०१५ मध्ये पेंगच्या माणसांनी ते परत घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा लष्कराने तो मोडून काढला होता. त्या लढाईत म्यानमारच्या विमानाने टाकलेला बॉम्ब चीनच्या युनान प्रांतातल्या उसाच्या शेतात पडून चिनी शेतकरी मेले, आणि बीजिंगने ते विसरल्याचे कधी दाखवले नाही.

मग २०१५ मध्ये जमले ते २०२३ मध्ये का जमले नाही?

२७ ऑक्टोबर २०२३ रोजी कोकांग सेना, ताआंग जमातीची ताआंग सेना आणि पश्चिमेच्या राखाइन राज्यातली अराकान आर्मी या तीन बंडखोर फौजांनी मिळून मोहीम उघडली आणि तारखेवरूनच तिला १०२७ हे नाव पडले. पेंग जियाशेंग २०२२ मध्ये वारला होता आणि त्याच्या कोकांग सेनेची धुरा त्याच्या मुलाकडे होती. या तिघांनी सुरुवातीलाच लाउक्काई शहर घेण्याची घाई केली नाही. आधी सीमेवरचे चिन्श्वेहॉ हे व्यापारी नाके गेले, मग कुनलॉंग गेले, आणि त्याबरोबर साल्वीन ओलांडून बाकीच्या म्यानमारकडे जाणारा रस्ता तुटला. आसपासच्या टेकड्यांवरची ठाणी एकामागून एक पडत गेली. दारूगोळा, धान्य आणि जखमींची ने-आण हे सारे विमानांवर आणि हेलिकॉप्टरांवर येऊन ठेपले, आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात हेलिकॉप्टर उतरवणे हा ज्याच्याकडे खांद्यावरून डागायचे शस्त्र आहे त्याच्या मर्जीचा प्रश्न असतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्रोनना बॉम्ब बांधून ते छावण्यांवर सोडण्याचे तंत्र या बंडखोरांनी अंगी बाणवले होते. टेकडीवरच्या ठाण्याचे संरक्षण खालून चढून येणाऱ्या माणसाला समोर ठेवून आखलेले असते, आणि डोक्यावरून येणाऱ्या वस्तूपुढे त्याचा उपयोग होत नाही.

तरीही शस्त्रांच्या या तपशिलापेक्षा मला एक छोटा आकडा अधिक बोलका वाटतो. नोव्हेंबर २०२३ च्या मध्यास लाउक्काई परिसरातील १२९ क्रमांकाच्या हलक्या पायदळ पलटणीने शरणागती पत्करली, तेव्हा कोकांग सेनेच्या हिशेबाने त्यांच्या हाती २६१ माणसे आली, पैकी १२७ सैनिक आणि १३४ कुटुंबीय. एका पलटणीत कागदावर सातआठशे माणसे असायची, तिथे उरली सव्वाशे, आणि त्यांच्या मागे त्यांच्याहून अधिक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. म्यानमारच्या सैन्यात सैनिकाचे कुटुंब पलटणीच्या आवारातच राहते. तिथली शाळा, दवाखाना, रेशन आणि पगारातून कापला जाणारा लष्करी कंपनीचा विमा या सगळ्यांचा हेतू कल्याणाचा असल्याचे सांगितले जाते, परंतु २०२१ नंतर त्याचा परिणाम ओलीस ठेवण्यासारखा झाला आहे. नवरा पळून गेला तर बायकोला आवार सोडावे लागते, तिची चौकशी होते, आणि बाहेरच्या समाजात सैनिकाच्या कुटुंबाला जागा उरलेली नसते. शांततेच्या काळात ही रचना सैनिकाला पलटणीशी बांधून ठेवते. वेढा पडला की हाच दोर उलट्या बाजूने आवळतो, कारण पलटणीच्या आवारावर पडणारा प्रत्येक गोळा सैनिकाच्या स्वयंपाकघरावर पडत असतो. कोकांग सेनेने हे नेमके ओळखले होते. शरण येणाऱ्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना तिने रोख रक्कम देऊ केली आणि सुरक्षित परत पाठवण्याचे वचन दिले, ते पाळले, आणि पाळल्याचे फोटो प्रसिद्ध केले. पुढच्या पलटणीपर्यंत पोहोचायला ते फोटो पुरेसे होते.

खोऱ्यातली वेढलेली शिबंदी म्हटले की व्हिएतनाममधल्या १९५४ च्या दिएन बिएन फूची आठवण होणे साहजिक आहे. तिथे फ्रेंचांची फौज ५६ दिवस लढली, भोवतालच्या डोंगरांवर चढवलेल्या तोफांनी तिची धावपट्टी निकामी केली, आणि ७ मे रोजी ती संपली तेव्हा दहा हजारांहून अधिक कैदी व्हिएतमिन्ह या व्हिएतनामी स्वातंत्र्यसेनेच्या हाती लागले. दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचायनाच्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) प्रश्नावर चर्चा सुरू झाली. लाउक्काईनंतरही एका आठवड्यात कुनमिंगमध्ये चीनच्या मध्यस्थीने युद्धबंदीचा करार झाला. पण साम्य इथे संपते. दिएन बिएन फूमधले सैन्य परक्या देशाचे होते आणि हे कोणी लपवत नव्हते. लाउक्काईतले सैन्य स्वतःला त्या भूमीचे रक्षक म्हणवत होते, आणि तरीही त्या शहरात त्याच्या बाजूने एक गल्लीसुद्धा उठली नाही. शहरातली भाषा सैनिकाची नव्हती, नाणे त्याच्या देशाचे नव्हते, आणि ज्या बाई सुओचेंगच्या घराण्याच्या आधाराने तो तिथे टिकला होता त्या घराण्याने मधल्या चौदा वर्षांत शहराचे काय केले होते, हे जगाला एव्हाना कळले होते.

जुगाराचे अड्डे, आणि त्यांना लागून उभ्या राहिलेल्या, उंच भिंतींच्या आत हजारो माणसांना कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेणाऱ्या इमारती, ही लाउक्काईची ओळख झाली होती. बाई, वेई, लिऊ आणि मिंग ही चार घराणी या धंद्याची धनी होती, आणि लष्कराच्या सीमा सुरक्षा दलाचा गणवेश त्यांच्याच माणसांच्या अंगावर होता. फसवले जाणारे बहुतांश चिनी नागरिक होते आणि कोंडलेलेही. बीजिंगने म्यानमारच्या राजधानीला, नेपिडॉला, वर्षभर सांगून पाहिले, आणि नेपिडॉने वेळ काढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंडखोरांनी मोहिमेच्या घोषणेत फसवणुकीचे अड्डे मोडण्याचा उद्देश सांगितला, त्यामागे चीनच्या कानांचा विचार होता हे उघड आहे. चीनने मोहीम घडवून आणली असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यासमोर नाही. चीनने ती अडवली नाही, एवढे मात्र दिसते, आणि सीमेवर अडवणे किंवा न अडवणे हीच त्याची सगळ्यात मोठी शक्ती आहे. जानेवारी २०२४ च्या अखेरीस बाई सुओचेंग बेड्या घालून चीनच्या विमानात चढला. सप्टेंबर २०२५ मध्ये वेन्झौच्या न्यायालयाने मिंग घराण्याशी संबंधित ११ जणांना देहदंड सुनावला. ज्या माणसांच्या बळावर राजवट कोकांगमध्ये उभी होती, त्यांचा न्याय दुसऱ्या देशाने केला.

आणि राजवटीने स्वतः कोणाचा न्याय केला? लाउक्काईतून परतलेल्या ब्रिगेडियर जनरलांपैकी तिघांना देहदंड सुनावल्याची वृत्ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्याच महिन्यात, १० तारखेला, १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रियांना लागू होणारा सक्तीच्या लष्करसेवेचा कायदा अमलात आणण्याची घोषणा झाली. पहिल्या गोष्टीने किल्लेदारांना सांगितले की कौल घेणे हा गुन्हा आहे, आणि दुसरीने ज्यांना लढायचेच नाही अशा पोरांनी पलटणी भरण्याची सोय केली. यांगोनमधल्या वकिलातींपुढे व्हिसासाठी लागलेल्या तरुणांच्या रांगा त्या आठवड्यात साऱ्या जगाने पाहिल्या. लाउक्काईत जे घडले त्याचे निदान राजवटीने भित्रेपणा असे केले, आणि औषधही त्याचेच दिले. परंतु सहा ब्रिगेडियर जनरल एका वेळी भित्रे निघत नाहीत. रस्ता तुटलेला, कुमक येणार नाही हे ठाऊक असलेले आणि आवारात पोरे रडत असलेली, अशा वेळी त्यांनी घेतलेला निर्णय मला तरी त्या साऱ्या युद्धातल्या मोजक्या समंजस निर्णयांपैकी एक वाटतो. त्यामुळे काही हजार माणसे वाचली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मोडीत काढण्यासारखा नाही. कोकांग सेना पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात थेट लाशियो या उत्तर शान राज्यातल्या मोठ्या शहरावर गेली, ३ ऑगस्टला तिने ईशान्य विभागाचे मुख्यालय घेतले, आणि देशातल्या चौदा प्रादेशिक लष्करी विभागांपैकी एखाद्याचे मुख्यालय बंडखोरांच्या हाती जाण्याची ही पहिली वेळ होती. पण मग चीनने सीमेची फाटके बंद केली, वीज आणि पाणी तोडले, औषधे आणि इंधन अडवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये चिनी निरीक्षकांच्या देखत लाशियो राजवटीला परत दिले गेले. डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणुकाही झाल्या आणि लष्कराच्या पाठिंब्याचा पक्ष जिंकला. मग ज्यांनी राजवटीवरचा हात काढला नाही ते शहाणे ठरले, असे का म्हणू नये? वेढे पडतात, उठतात, आणि राज्य जिथल्या तिथे राहते, असे दिल्लीतल्या एखाद्या अनुभवी अधिकाऱ्याने म्हटले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

माझे उत्तर असे की लाशियो परत मिळाल्याने राजवटीचे बळ सिद्ध झाले नाही, चीनचे झाले. ज्या शहराचा ताबा आपल्या तोफांनी घेता आला नाही ते शेजाऱ्याने मध्ये पडून मिळवून दिले, आणि ते शेजाऱ्याची मर्जी असेपर्यंतच आपले राहील, हे त्या शहरातला पानवालाही जाणतो. निवडणुकीचे म्हणाल, तर जिथे राजवटीचा हुकूम चालत नाही अशा कितीतरी तालुक्यांत मतदान घेतलेच गेले नाही, आणि २०२० मध्ये प्रचंड बहुमताने निवडून आलेला पक्ष विसर्जित करून ठेवला होता. आपल्या भाषेत ‘कौल’ हा एकच शब्द मतदाराच्या निर्णयालाही आहे आणि शरण जाणाऱ्याला दिलेल्या हमीलाही आहे. म्यानमारच्या राजवटीकडे पहिला नाही आणि दुसऱ्याला ती देशद्रोह मानते.

दुसरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कोकांग सेना ही लोकशाहीची पाईक नाही. जुन्या पेंगचा कारभार अफूवर आणि मग जुगारावर चालला. एप्रिल २०२४ मध्ये लाउक्काईत या सेनेने आपल्याच माणसांवर चौकात खटला चालवला आणि तिघांना गोळ्या घातल्या. ताब्यातल्या मुलखातून तरुणांची जबरी भरतीही झाली. म्हणून भारताने या किंवा त्या गटाच्या गळ्यात माळ घालावी असे माझे म्हणणे नाही. माळ घालणे आणि बोलणे यांत अंतर आहे, आणि आपली गल्लत नेमकी इथे होते.

कारण कोकांग आपल्यापासून दूर असले तरी १०२७ मोहिमेची लाट आपल्या दारापर्यंत आली. १४ जानेवारी २०२४ रोजी, लाउक्काई पडून दहा दिवसही झाले नव्हते, अराकान आर्मीने म्यानमारच्या, मिझोरामला लागून असलेल्या चिन राज्यातले पलेत्वा घेतले. पलेत्वा कलादान नदीवर आहे, आणि कोलकात्याहून समुद्रमार्गे सित्वे, तिथून नदीने पलेत्वा आणि पुढे रस्त्याने मिझोराम असा जो मार्ग भारत २००८ च्या करारापासून बांधतो आहे, त्याचा हा मधला सांधा. आज चित्र असे आहे की सित्वेचे बंदर राजवटीच्या ताब्यात आहे, आणि बंदराच्या वरची नदी, तिचे दोन्ही काठ आणि पलेत्वा अराकान आर्मीच्या. डिसेंबर २०२४ मध्ये या आर्मीने आन इथले पश्चिम विभागाचे मुख्यालयही घेतले आणि राखाइनच्या १७ पैकी १४ तालुके तिच्या हाती आले. म्हणजे आपल्याच पैशाने बांधलेल्या मार्गावरून एक नाव पुढे न्यायची असेल तर परवानगी दोघांची लागते. त्यातल्या एकाशी आपले पंतप्रधान परिषदांमध्ये भेटतात, आणि दुसऱ्याशी कोण, कुठल्या अधिकाराने आणि कुठल्या कागदावर बोलतो, हे संसदेलाही ठाऊक नाही. मिझोरामचे राज्यसभा सदस्य २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतः हद्द ओलांडून अराकान आर्मीच्या लोकांना भेटून आले, हे धाडस म्हणून कौतुकाचे असेल, पण राज्याचे धोरण खासदाराच्या दौऱ्यावर सोपवायचे नसते.

हद्द ओलांडून आलेल्यांशी आपण कसे वागलो, हेही पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये चिन गटांनी रिखावदार आणि खावमावी ही ठाणी घेतली तेव्हा चाळीसहून अधिक सैनिक तिआऊ नदी ओलांडून चंफाई जिल्ह्यात आले आणि त्यांनी मिझोराम पोलिसांपुढे हत्यारे ठेवली. जानेवारीत लॉन्गतलाई जिल्ह्यात एकाच वेळी २७६ सैनिक आले. त्यांना परत न्यायला आलेल्या म्यानमारच्या लष्करी विमानांपैकी एक २३ जानेवारीला लेंगपुईच्या धावपट्टीवरून घसरले आणि काही जण जखमी झाले. सैनिकांना परत पाठवण्याची ही तत्परता, आणि त्याच जिल्ह्यांत २०२१ पासून तंबूंत राहणारे तीस हजारांहून अधिक चिन निर्वासित, ज्यांना कायद्याने ‘निर्वासित’ म्हणण्याचीही आपल्याकडे सोय नाही! केंद्राने मार्च २०२१ मध्ये त्यांना अडवण्याच्या सूचना दिल्या तेव्हा मिझोरामच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या मानल्या नाहीत, आणि चर्च, तरुणांच्या संघटना व गावकरी यांनी आपल्या तांदळातून त्यांना पोसले. दिल्लीचे उत्तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आले: हद्दीलगतच्या लोकांना व्हिसाशिवाय जा-ये करू देणारी मुक्त संचाराची सवलत बंद करण्याची आणि १,६४३ किलोमीटरच्या हद्दीवर कुंपण घालण्याची घोषणा. मणिपूरमधली भीती आणि शस्त्रांची ने-आण खरी आहे, आणि तिची दखल घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या हद्दीवर एकाच घराची चूल एका देशात आणि गोठा दुसऱ्या देशात आहे, तिथे कुंपण घालून पलीकडे कोणाची सत्ता आहे हा प्रश्न सुटत नाही, फक्त तो पाहायचा राहतो.

हा प्रश्न मिझोरामचा किंवा परराष्ट्र खात्याचा आहे आणि आपल्याला त्याचे काय, असे महाराष्ट्रात वाटत असेल तर मार्च २०२५ आठवावा. म्यानमारच्या दुसऱ्या टोकाला, थायलंडच्या हद्दीवर म्यावाडीजवळ, लाउक्काईसारख्याच अड्ड्यांत कोंडलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले, आणि पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने साठहून अधिक जणांची सुटका केल्याचे सांगून दलालांना अटक केली. नोकरीच्या जाहिरातीला भुलून बँकॉकचे तिकीट काढणारी ही मुले ज्या भिंतींच्या आत पोचतात, त्या भिंतींवर ताबा असतो लष्कराशी लागेबांधे असलेल्या स्थानिक टोळ्यांचा. फसवणुकीचा फोन इथल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला येतो तोही अनेकदा तिथूनच. अशा मुलाच्या सुटकेसाठी नेपिडॉला पत्र लिहिणे म्हणजे ज्याच्या खिशात किल्ली नाही त्याला कुलूप उघडायला सांगणे.

रत्नागिरीकरांना हे नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी पंधरवड्यात मंडाले घेतले, थिबा राजाला आणि राणी सुपयालतला राजवाड्यातून उचलून भारतात पाठवले, आणि ब्रह्मदेश घेतला म्हणून जाहीर केले. राजा रत्नागिरीत तीस वर्षे राहून १९१६ मध्ये तिथेच गेला. पण राजवाडा हाती आल्यानंतर मुलूख हाती यायला इंग्रजांना हजारो सैनिक आणि कित्येक वर्षे घालावी लागली, कारण राजा गेल्यावर गावोगावचे पुढारी ज्याच्या त्याच्या टेकडीवरून लढू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूची शंभरी झाली तेव्हा त्याच्या रत्नागिरीतल्या कबरीपाशी म्यानमारहून जे बडे पाहुणे आले त्यांत सरसेनापती मिन आंग ह्लाइंगही होता. राजधानी असणे आणि देश असणे यांतल्या फरकावर त्याने तिथे विचार केला असेल असे त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसत नाही.

बिगरसरकारी सशस्त्र गटांशी बोललो तर आपल्याच बंडखोरांना बळ मिळेल, हा आक्षेप परराष्ट्र व्यवहाराच्या वर्तुळात नेहमी ऐकू येतो. मला तो आपल्याच इतिहासाचा विसर पडल्याचे लक्षण वाटतो. मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटने बंड केले तेव्हा चंफाईचे आसाम रायफल्सचे ठाणे बंडखोरांनी घेतले, लुंगलेई पडले, आणि ऐझॉलची आसाम रायफल्सची शिबंदी वेढली गेली. तो वेढा उठवण्यासाठी भारत सरकारने आपल्याच देशातल्या ऐझॉल शहरावर विमानांतून मारा केला, आणि नंतरच्या काळात गावेच्या गावे उठवून रस्त्याकडेला वसवली. त्या दिवसाची जखम मिझोराममध्ये आजही बोलून दाखवली जाते. पण तिथेच आपण थांबलो नाही. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ रोजी, त्याच फ्रंटशी करार झाला, फ्रंटच्या ज्या नेत्याला, लालडेंगांना, देशद्रोही म्हटले होते ते मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या सोबत जंगलात राहिलेले झोरामथंगा पुढे मुख्यमंत्री म्हणून केंद्राला पत्रे लिहू लागले. निर्वासितांना अडवणार नाही असे सांगणारे पत्र याच माणसाचे. नागा गटांशी तर आपण १९९७ पासून बोलतो आहोत. त्यामुळे वेढलेल्या ठाण्याला उत्तर म्हणून विमान पाठवायचे की टेबल मांडायचे, याचा दोन्ही बाजूंचा अनुभव असलेला भारतासारखा शेजारी म्यानमारला दुसरा नाही. चीनला सीमेचे फाटक बंद करता येते. बंडखोराशी करार करून त्याला मुख्यमंत्री करणे त्याला जमलेले नाही.

करायचे ते फार अवघडही नाही. कलादान मार्गाबाबत अराकान आर्मीशी आणि तिआऊच्या नाक्यांबाबत चिन गटांशी बोलणारा, नाव आणि अधिकार असलेला एक प्रतिनिधी नेमावा, आणि तो मान्यता देत नसून व्यवहार पाहतो आहे हे लेखी सांगावे. हद्द ओलांडून हत्यार ठेवणाऱ्या सैनिकाला परत जायचे आहे का, हे त्याला दुभाष्यामार्फत आणि त्याच्या अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत एकदा तरी विचारावे. लाउक्काईच्या किल्लेदारांचे पुढे काय झाले हे कळल्यावर तरी हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आणि निर्वासितांची नोंद, शाळा आणि दवाखाना हे मिझो गावकऱ्यांच्या तांदळाच्या पोत्यांवर न सोडता केंद्राच्या अंदाजपत्रकात आणावे.

तिआऊ नदीवरच्या, मिझोरामच्या झोखावथार गावातल्या पुलावर आज गेले तर पलीकडच्या रिखावदारमध्ये म्यानमारचा लष्करी झेंडा नाही. तिथे चिन गटांची माणसे उभी असतात, आणि पुलावरून सुपारी, कपडे, औषधे आणि आजारी माणसे जा-ये करतात. अलीकडे आपला जवान उभा असतो. पुलाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे हे त्याला रोज दिसते, आणि ज्या चंफाईत १९६६ मध्ये आपलेच ठाणे पडले होते त्याच जिल्ह्यातल्या पोलिसांनी त्या टोकाकडून पळून आलेल्यांच्या बंदुका २०२३ मध्ये मोजून घेतल्या आहेत.